शिकारी गाडीला पोळ्याचं आवतन

आमच्या कुळात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. वांगी वाहायला जहागीरदाराची शिकारी गाडी विकत घेणाराही पहिला मीच. पहिल्या गोष्टीचे गावभर पेढे वाटले. दुसरीचं काय झालं ते सांगतो.

महाराष्ट्र तेव्हा नवं राज्य होतं आणि मी त्याहून नवा पदवीधर. दुसरबीडहून आत आमचं खेडं. घरी भाजीचा मळा, एक बैलजोडी आणि माणसं वाहायला दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी. माझी बहीण कमळ बुलढाण्याला दिलेली. पहिल्या दिवाळीला तिला माहेरी आणताना दमणीचं चाक निखळलं आणि सोबत आलेल्या तिच्या सासूबाई रस्त्याकडेच्या तुरीत जाऊन पडल्या. उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "आता चांगलं वाहन घ्याल, तेव्हाच सुनेले पाठवीन!"

विहीणबाई शब्दाच्या पक्क्या निघाल्या. संक्रांत गेली, आखाजी गेली, पंचमी गेली. माय सणाचं करायची, घास तोंडापर्यंत न्यायची आणि पुन्हा ताटात ठेवायची. "कमळीले आवडते हे," एवढंच म्हणायची. आबा मग उगाच गोठ्यात जाऊन बसायचे.

आता घरातला शिकलेला माणूस असतो तरी कशासाठी?

जालन्याकडच्या एका जहागीरदारांनी शिकार सोडली होती (वाघांनी बहुधा त्यांच्या आधीच सोडली असावी), आणि त्यांची विलायती गाडी विकायला होती. काय ती गाडी! चामड्याच्या गाद्या, मखमली पडदे, विड्या विझवायला चार चांदीसारख्या वाट्या, बंदुका अडकवायला खुंट्या, बर्फाची पेटी, आणि टपाला एक झरोका. त्यातून उभं राहून म्हणे वाघावर नेम धरायचा!

त्यांचे मुनशी म्हणाले, "पानी हो, पहाड हो, रेती हो, ये कहीं नहीं रुकती! बस ये छोटा दांडा खींचो, चारों पहिये जोर लगाते हैं!"

आमच्या काळ्या मातीचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही विचारलं नाही. माझा विषय इतिहास होता.

गाडी दारात आली तेव्हा आबांनी बाजारातल्या बैलाभोवती फिरावं तशी तिच्याभोवती फेरी मारली, पाठीवर थाप मारली.

"खाते काय हे?"

"पेट्रोल, आबा."

"आन् किती?"

मी मायला चहा मागितला.

आठवड्याभरात गाडी घरच्यासारखी वागायला लागली. बंदुकांच्या खुंट्यांना विळे लटकले. बर्फाच्या पेटीत ठेच्याचं गाडगं बसलं. एका वाटीत आबांचा चुना, दुसरीत तंबाखू. जहागीरदारांच्या गादीवर वांग्यांचे डाले ऐटीत बसून बाजाराला जायचे. आत अत्तराचा आणि वांग्यांचा मिळून असा काही वास सुटायचा, की तसा वास मला पुन्हा आयुष्यात कुठे आला नाही. अजूनही कधी मंडईत कुणी अत्तर लावून शेजारून गेलं, की मी थांबतो.

मी बुलढाण्याला पत्र टाकलं: 'वाहन घेतले आहे. धुळीचा कण लागणार नाही.' उत्तर आलं: 'पोळ्याला सुनेला घेऊन मी स्वतः येते. पाहते.'

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचा खांदा शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं हळद-तूप चोळायचं आणि कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मायनं दोन्ही बैलांचं केलं. वाटीत तूप उरलं. ती सरळ गाडीकडे गेली आणि पुढच्या बंपरला चोळायला लागली!

"माय, हे काय करून राह्यली तू?"

"काऊन? थे नाही वाहत का वांगे?" असं म्हणून तिनं आरशापाशी तोंड नेलं आणि गाडीलाही आवतन दिलं.

आबा गंभीर झाले. "आवतन देल्लं ना? मंग उद्या तिले जुपता येत नाही."

"आबा, लोखंड हाय ते!"

"लोखंड असो का सोनं. पोळ्याच्या दिवशी काम सांगाचं नाही."

"मंग विहीणबाईले काय पाठीवर आणू?"

आबा गोठ्याकडे वळले. "आण बापा. शिकेल तू हायेस."

आमच्याकडे 'शिकेल' म्हणजे शिकलेला; पण हे 'शिकेल' त्यांनी कशा अर्थानं म्हटलं ते मला चोवीस तासांच्या आत कळलं.

दुसऱ्या दिवशी दुसरबीडच्या स्टँडवर कमळ आणि विहीणबाई उतरल्या. विहीणबाईंनी गादी दाबून पाहिली, पडदा सरकवून पाहिला आणि तोंडातून शब्द काढला, "बरी हाय." कमळनं मागून माझ्या पाठीला चिमटा काढला. आनंदानं! मी असा फुगलो, की टपाचा झरोका त्यासाठीच असावा.

गाव दिसायला लागलं, तोरण दिसायला लागलं, आणि गावाखालच्या ओढ्यात गाडी बसली. थांबली नाही, बसली! रात्री पाऊस झाला होता; सकाळी जाताना रिकामी गाडी कशीबशी निघाली होती. मी जोर दिला तशी ती आणखी आरामात बसली.

"काय झालं हो?" विहीणबाई.

"काही नाही, आत्या. आता गंमत पाहा!" मी छोटा दांडा खेचला.

दांडा माझ्या हातात आला. म्हणजे पूर्ण आला. खाली त्याला कशाचाच आधार नव्हता. मागोमाग इंजिनानं एक आचका दिला आणि तेही गप्प झालं.

"बैल आणा रे!" मी गावाकडे तोंड करून ओरडलो.

तोरणाखाली अख्ख्या गावाचे बैल उभे होते. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. कुणी हललं नाही. आबाच पुढे आले, आमच्या जोडीचे कासरे हातात धरून.

"कोणाचे आणू?"

"आपलेच आणा ना!"

"आज? आज त्याच्या खांद्यावर दोर ठेवला, तर गाव मले ठेवन का?" मग चिखलात बसलेल्या गाडीकडे पाहून अगदी मायेनं म्हणाले, "अन् तिचं तरी काय चुकलं? तिलेबी सुट्टीच हाय. आवतन घेतलं तिनं."

गाव हसलं. विहीणबाई हसल्या नाहीत.

"मी चिखलात उतरत नसते," त्या म्हणाल्या. "एकदा तुरीत पडले, तेवढं बस. नाही तर आल्या पावली सुनेले घेऊन परत जाते!"

कमळचा चेहरा पडला. समोर गाव, गावात घर, घरात माय चुलीपाशी पुरण घालून बसलेली, आणि मधे तो ओढा! मी धोतर खोचलं.

"आबा, दोर आणा. माणसं लावू."

"पुढं कोण राहीन?"

"ज्याची गाडी तो!" चार-पाच जण एकदम ओरडले.

अशा रीतीनं आमच्या कुळातला पहिला पदवीधर जुंपला गेला. मागे वीसेक गडी, पुढे मी. "हुर्रर्र! चाल बे बी.ए.!" असं कोण ओरडत होतं ते मला माहीत आहे, पण वडिलांचं नाव मी घेत नाही. गाडी निघाली. चढावर धक्के बसायला लागले तशा विहीणबाई गादीवर उभ्या राहिल्या आणि झरोक्यातून बाहेर आल्या! कमरेपर्यंत त्या, डोईवर पदर, एक हात टपावर. "डावीकडं घ्या! अहो, डावीकडं!" डफडं वाजायला लागलं. बैलांची रांग बाजूला झाली आणि तोरणाखालून मिरवत आमची गाडी गेली. बैल शांतपणे उभे राहून माणसांचा पोळा पाहत होते.

दारात माय ताट घेऊन बैलांची वाट पाहत होती. तिनं आधी मला पाहिलं, मग झरोक्यातल्या विहीणबाईंना, मग मागे उतरणाऱ्या कमळला. तिनं आम्हा सगळ्यांना एकाच फेरीत ओवाळलं.

जेवताना माय पहिल्यांदा पोटभर जेवली. विहीणबाई तिला म्हणाल्या, "आता बोलवाल तेव्हा पाठवीन पोरीले. भाऊ असा जुपून घेते, तर मी काय अडवू?" आणि माझ्याकडे वळून, "पन बाप्पा, पुढच्या खेपी दमणीच धाडजो."

गाडी पुढे गोठ्याशेजारी राहिली. बर्फाच्या पेटीत कोंबड्या अंडी घालायच्या आणि कमळची पोरं झरोक्यातून वाघ मारायची.

त्या संध्याकाळी मात्र मी ओसरीवर पालथा पडलो होतो. मान वळत नव्हती. माय पळसाचं पान आणि कोमट हळद-तुपाची वाटी घेऊन आली आणि माझा खांदा शेकायला लागली. छान वाटत होतं. डोळे मिटत आले, तेवढ्यात ती सवयीनं माझ्या कानाशी वाकली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

गोठ्यातल्या दोन्ही बैलांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं. आणि मी, बी.ए., इतिहास, आवतन घेत म्हणालो, "हाव."