वीतभर वाळू

नालबंदाने चाळीस वर्षं लोकांच्या घोड्यांना नाल ठोकले आणि मालकांना फुकटचा सल्ला दिला, “रिंगणात वाळू चार बोटंच टाका. जास्त झाली की पाय रुततो आणि नस तुटते.” कुणी ऐकलं नाही, तर तो सरळ त्याची अक्कल काढायचा.

मग घरामागच्या पडीक जागेत त्याने स्वतःच्या लेकीसाठी रिंगण बांधलं. जमीन खणली, खडी दाबली, लाकडी कठडा उभारला आणि वाळू टाकली, मोजून चार बोटं. पहिल्याच दिवशी लेक घोडीवरून पडली. कोपर खरचटलं, ती हसत उठलीसुद्धा. पण बापाच्या काळजाचं पाणी झालं. दुसऱ्याच दिवशी त्याने आणखी वाळू मागवून वीतभर थर केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

महिन्याभरात वळण घेताना घोडीचा पुढचा पाय रुतला आणि नस तुटली. जनावरांच्या डॉक्टरांनी वाळूत हात खुपसला, तो मनगटापर्यंत गेला. घोडीला सुई देऊन कायमचं निजवावं लागलं.

लेकीने आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, “बाबा, मी पडले असते तरी उठले असते हो.”

त्यानंतर कितीतरी दिवस तो घमेल्याने वाळू उपसत राहिला. आता थर पुन्हा बरोबर चार बोटं आहे. रोज सकाळी तो सवयीने दंताळं घेऊन खुरांचे खड्डे बुजवायला जातो आणि स्वतःच्याच पावलांचे ठसे पुसून परत येतो.