उरलेलं तेल

शाळेवर जायला मी रोज सकाळी वारंगा फाट्यावर कळमनुरीच्या गाडीची वाट बघतो. तिथंच ती बाई दिसते. नाव मी कधी विचारलं नाही. गावातल्या तान्ह्या लेकरांना तेल लावून न्हाऊ घालायचं, हे तिचं काम. घरी परतताना ती पंक्चरच्या दुकानामागं बसते आणि बाटलीत उरलेलं करडईचं तेल एका कुत्र्याच्या मागच्या पायांना लावते. ट्रकच्या धक्क्यानं त्याचे ते दोन्ही पाय लुळे पडलेत. ती तेल आधी तळहातावर चोळून गरम करते, कंबरेपासून पंज्यापर्यंत हात ओढते, मग एकेक पाय हळूच वाकवते आणि सोडते. लेकराचं करतात अगदी तसंच.

महिनाभर बघून एकदा मला राहवलं नाही.

"मावशी, काहून तेल वाया घालवून राहिल्या? ते कुत्रं काही आता चालणार न्हाई."

तिनं मान वर केली नाही.

"मालिश करताना लेकरू तरी कुठं चालत असतंय, गुरुजी?"

कुत्रं अजूनही चालत नाही. पण ती रस्ता ओलांडायला लागली की ते पुढच्या पायांवर सरकत येतं, आणि आपणहून मागचे पाय तिच्याकडं करून पडतं.