लग्न लागलं, मांडव काढा

गोंदियात रिकाम्या जागेवर माझ्या घरमालकांइतकं प्रेम दुसऱ्या कोणी केलं नसेल. काम संपलेली वस्तू घरात दिसली की त्यांचा जीव खालीवर होई. सामान बाहेर निघताच खोका अंगणापार जाई, दिवाळी सरताच आकाशकंदील, आणि पाहुण्याचा चहा संपताच त्याच्या हातातला कप. कामठ्याहून आलेले त्यांचे मेहुणे एकदा कप खाली ठेवून बोलत बसले आणि शेवटच्या दोन घोटांना मुकले.

२००५च्या सुमारास मी त्यांच्या पुढच्या खोलीत माझ्या साप्ताहिकाचा संगणक बसवला आणि या शिस्तीला नवं क्षेत्र मिळालं. डिस्क लहान होती, सारखी भरायची. तिच्यात कोण कोण राहतं, याची त्यांनी घरमालकाच्या हक्काने चौकशी केली. प्रोग्राम बसवायला सेटअपची फाइल लागते आणि तो बसल्यावर ती तशीच पडून राहते, हे मीच त्यांना सांगितलं. हे पडून राहणं त्यांना मुळीच सहन होईना. "लगन लागलं ना भाऊ? मंग मांडव कायले उभा ठेवता?" तेव्हापासून रोज जेवण झालं की ते सेटअपच्या फाइली काढत, आणि चोरखमाऱ्याच्या तलावात पाणी किती चढलं हे जसं लोक सांगतात, तशी मोकळी झालेली जागा मला सांगत. संगणक हलका झाला, हे खरं. गल्लीतले लोकही त्यांना बोलावू लागले. न बोलावताही ते जात.

मग त्यांच्या मुलीचं लग्न देवरीला ठरलं. लग्नपत्रिका माझ्याच संगणकावर तयार करायची होती. तिच्यातल्या चित्रांना जागा हवी म्हणून त्यांनी विंडोजच्या पोटातला एक लपलेला फोल्डर शोधून काढला. आत आकड्या-अक्षरांच्या विचित्र नावांच्या फाइली खच्चून भरलेल्या. नाव नाही, गाव नाही, इथं राहून काऊन राहिल्या, असं म्हणत त्यांनी सगळ्या काढून टाकल्या. प्रोग्राम बिघडला तर दुरुस्तीला लागतात म्हणून विंडोजने राखलेल्या प्रती त्या. दुसऱ्या दिवशी पत्रिकेचा प्रोग्राम अर्ध्यावर अडला. दुरुस्तीसाठी तो आपली जुनी फाइल मागत राहिला, आणि ती मिळेना तेव्हा बंदच पडला. छापखानेवाला दारात बसला होता. त्या दिवशी मजकूर मिळाला नसता, तर पत्रिका पाहुण्यांच्या गावी वेळेत पोचल्या नसत्या. मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"बाबूजी, माह्या लगनाचा मांडव तुमी लगनाआधीच काढला."

ते तसेच उठले. भर उन्हात सायकल काढून बाजारात गेले, प्रोग्राम बसवून देणाऱ्या दुकानदाराला जेवणावरून उठवलं आणि मूळ सीडी घेऊन आले. प्रोग्राम पुन्हा बसेपर्यंत ते माझ्या खुर्चीमागे हात बांधून उभे होते. संध्याकाळी पत्रिका छापायला गेली. तो फोल्डर त्यांनी पुन्हा कधी उघडला नाही.

लग्न झालं, मुलगी देवरीला गेली. दुसऱ्या दिवशी शेजारी मांडवाच्या डहाळ्या सोडायला आले, तर घरमालकांनी त्यांना परत पाठवलं. हिरवा मांडव अंगणात वाळून तपकिरी झाला, त्याची पानं उडून माझ्या उंबऱ्यात येऊ लागली. शेवटी मी विचारलंच. ते त्याच्याच विरळ सावलीत बसले होते. शेजारी अर्धा चहा निवत पडला होता.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "एवढी जागा रिकामी करून करू काय?"