बिनतेलाचं डोकं

सविता गांगुर्डेच्या दुकानात शाम्पू घ्यायचा तर आधी डोकं पुढं करावं लागे.

"दोन पुड्या दे गं," एवढं म्हणून कुणाची सुटका नव्हती. सविता काउंटरवरून वाकायची, गिऱ्हाइकाच्या भांगाशी दोन बोटं टेकवायची, ती अंगठ्यावर चोळून बघायची आणि मग वर लटकणाऱ्या लडींपैकी एकीची पुडी टर्रकन फाडायची. "ही तुझी. ती जाहिरातीतली राहू दे, ती तुझ्या केसांसाठी नाही." अंबडच्या कारखान्यांमागची सिडकोतली ती गल्ली. तिथल्या बायका तिला चिडवायच्या, "डॉक्टरीणबाई, नाडी बघायची राहिली की!" पण चिडवणाऱ्याही डोकं पुढं करायच्याच.

दुकान म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीला बसवलेलं शटर. बांगड्या, टिकल्या, क्लिपा, कंगवे, सगळं कटलरी सामान. पण नाव झालं ते शाम्पूमुळं. कारण सविता आठ वर्षं एका कंपनीत शाम्पूच्या बाटल्या भरायच्या लाइनवर उभी होती. घट्ट दिसावा म्हणून शाम्पूत साधं मीठ पडतं, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. तिथल्या लॅबमधल्या मॅडमकडून ती बाटलीची मागची बाजू वाचायला शिकली. पुढच्या बाजूला असते ती हिरॉइन, कामाचं सगळं मागं. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली तेव्हा बाकीच्या बायकांनी दुसरी लाइन शोधली. सविता नवऱ्याला, गोरक्षला, म्हणाली, "मला येतंय ते इथंच विकते."

आणि पाच वर्षं ते बिनबोभाट विकलं गेलं. मग शकुबाई आपल्या वेदिकाला घेऊन आली.

शकुबाई अंबडच्याच एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. वेदिका तिची एकुलती एक, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. कमरेपर्यंतचे केस, दोन घट्ट वेण्या, टाळू तेलानं चमकणारी.

"हिचे केस लय चिपकतात गं सविता. आठवड्यातून एकदा धुते, तरी दोन दिवसांत परत तेच."

सवितानं दोन बोटं टेकवली. चोळली. बोटं माखून निघाली. "तेलकट केस आहेत शकुताई. हा पाण्यासारखा स्वच्छ शाम्पू दिसतो ना, हा घे. एक दिवस सोडून एक दिवस. तेलकट केसाला हाच लागतो."

"आणि ते कंडिशनर?" वेदिकानं हळूच विचारलं. मैत्रिणी वापरत होत्या.

"तुला नको. अजून चिपकतील. उगाच पैसे कशाला घालवायचे?"

महिनाभरानं भर संध्याकाळी, दुकानात चार बायका असताना, शकुबाई पुन्हा आली. वेदिकाच्या डोक्याला स्कार्फ. शकुबाईनं तो ओढून काढला आणि मुठीतला केसांचा गुंता काउंटरवर टाकला.

"हे बघ. आज सकाळी एका विंचरण्यात एवढे तुटले. काथ्या झालाय काथ्या! तुझ्यावर भरवसा ठेवला, आणि पोरीचं डोकं गेलं."

वेदिका जमिनीकडं बघत म्हणाली, "जाऊ दे आई. मी रविवारी पार्लरला जाऊन कापूनच टाकणारे. बॉयकट."

"ऐकलंस? जन्मापास्नं वाढवलेत मी हिचे केस."

मागं थांबलेल्या चौघींतली एक शाम्पूची पुडी हातात घेऊन उभी होती. तिनं ती गुपचूप काउंटरवर परत ठेवली. सविताला शकुबाईच्या आरड्याओरड्यापेक्षा ती ठेवलेली पुडी जास्त लागली.

"तीन आठवडे दे मला," ती वेदिकाला म्हणाली. "नाही सुधारले तर मी स्वतः कात्री धरेन. आणि ह्या लडी उतरवून ठेवेन. पुन्हा कुणाला शाम्पू सांगणार नाही."

"आणि सांगणार काय?" शकुबाई फणकारली. "परत दुसरी पुडी?"

"आधी चुकलं कुठं ते शोधते. मग पुडी."

शाम्पू खराब नव्हता. त्याच लडीतला सहा घरांत जात होता, कुणाची तक्रार नव्हती. मग पाणी? शकुबाईच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी चढत होतं. जड पाण्यात फेस होत नाही, केस राठ होतात, हे लॅबमधल्या मॅडम सांगायच्या. सवितानं वेदिकाला निरोप धाडला, "उद्या केस धुतलेस की तशीच ये. आणि नळाच्या पाण्याची एक बाटली भरून आण."

दुसऱ्या दिवशी दुपारी वेदिका अर्धवट वाळलेल्या केसांनीच आली. सवितानं दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत वेदिकाकडचं पाणी, दुसरीत आपल्या नळाचं. दोन्हींत कपड्याच्या साबणाचा नखाएवढा तुकडा टाकला आणि दोन्ही हातांनी बाटल्या खळाखळा हलवल्या. गोरक्ष जेवता जेवता आतून ओरडला, "काय, सरबत करतीयेस का?"

फेस दोन्हीकडं सारखाच आला. भरपूर आला. म्हणजे पाणी नव्हतं.

सविता बाटल्या खाली ठेवून वळली आणि थांबली. एवढ्या वेळात पंख्याखाली वेदिकाचे केस वाळले होते. वेणी नाही, तेल नाही. खांद्यांवर, पाठीवर केसांच्या गुंडाळ्याच गुंडाळ्या वर चढल्या होत्या. ही पोरगी कुरळी होती! दोन वर्षं ती समोरून जात-येत होती, पण तेलानं चोपून बसवलेल्या वेण्यांत ते कधी दिसलंच नव्हतं.

सवितानं तिच्या भांगाशी बोटं टेकवली. चोळली. कोरडी ठणठणीत.

"तेल कधी लावतेस गं?"

"आई लावते. रोज सकाळी, कॉलेजला जायच्या आधी. बिनतेलाची बाहेर सोडतच नाही."

सविता स्टुलावर बसली. गल्लीत बिनतेलाचं डोकं घेऊन बाहेर पडतंच कोण? पाच वर्षं ती बायकांच्या डोक्याला बोटं लावत होती आणि समजत होती, केस तपासतेय. ती खोबरेल तपासत होती. ज्यांच्या टाळूला खरंच तेल सुटायचं त्यांचं बरोबर आलं, बाकीच्यांचं नशिबावर. वेदिकाच्या कोरड्या, कुरळ्या केसांवर तिनं महिनाभर दिवसाआड सगळ्यात कडक शाम्पू मारला होता. वर कंडिशनरही घेऊ दिलं नव्हतं.

दुसरी कुणी असती तर पाण्यावर ढकलून मोकळी झाली असती. बोअरचं पाणी म्हटलं की शकुबाईनं मानही डोलावली असती. सवितानं शटर अर्धं खाली ओढलं आणि तडक शकुबाईचं घर गाठलं.

"चूक माझी आहे शकुताई. मी केस बघितलेच नाहीत, तेल बघितलं."

शकुबाई भांडायच्या तयारीत होती. पण समोरची चूक कबूल करून बसली, तेव्हा भांडायला काही उरलं नाही. "मग आता?" ती म्हणाली.

सवितानं मायलेकींना आपल्या घरी आणून मोरीपाशी स्टूल मांडलं, वेदिकाला बसवलं आणि सगळं करून दाखवलं. शाम्पू दुधासारखा, सौम्य. आठवड्यातून दोनदाच, तोही पाण्यात पातळ करून नुसत्या मुळांना. शेंड्यांना खाली ओघळणारा फेस पुरे. मग कंडिशनर. शकुबाईनं सवयीनं पुडी हातावर ओतली आणि पोरीच्या टाळूवर थापायला गेली. सवितानं तिचा हात वरच्या वर पकडला.

"हे तेल नाही शकुताई, जिरवायचं नाही. कानाच्या खाली लावायचं, केसांना. टाळूला नाही."

कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं शेंड्यांकडून वर वर गुंता सोडवला. पाच मिनिटांनी पाणी. मग शकुबाई पंचा घेऊन केस झटकायला उभी राहिली, तेव्हा सवितानं तोही काढून घेतला आणि गोरक्षचा जुना सुती टी-शर्ट दिला. "झटकून अर्धे तुटतात. नुसते दाबून टिपायचे."

"बाटली घेऊ का मोठी?" शकुबाईनं विचारलं.

"पुड्याच घे. तेवढ्याच पैशात पुड्यांत जास्त माल येतो, मी हिशोब करून बघितलाय. हिच्या केसांना एका वेळी दोन लागतील."

इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग सविता म्हणाली, "आणि तेल धुवायच्या आधी तासभर, थोडंसं. धुतल्यावर अजिबात नाही. कॉलेजलाही तसंच जायचं."

शकुबाईच्या हातातली पुडी खाली पडली. "बिनतेलाची? भुंड्या डोक्यानं? अगं, सुतकात असतं तसं! लोकं विचारतील घरात कोण गेलं म्हणून."

"विचारू देत."

"तुला काय होतंय म्हणायला? तू जाशील का तशी?"

"जाते. उद्यापासून. तीन आठवडे मीही लावणार नाही. बसते दुकानात तशीच."

आणि ती बसली. पहिल्याच सकाळी पलीकडच्या चाळीतली कुसाबाई आली. टिकल्यांचं पाकीट मागता मागता तिची नजर सविताच्या केसांवर गेली, आणि म्हातारीनं पाकीट खाली ठेवलं. काउंटरची फळी उचलून आत आली, सविताच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाली, "कोण गेलं गं बाई?"

"कुणी नाही मावशी."

"सांग की. सासर का म्हायेर?"

"मावशी, सगळे जिवंत आहेत. तेल लावलं नाही एवढंच."

"का? भांडण झालं का गोरक्षशी?"

आतून गोरक्ष हसू दाबत खोकला. दिवसभरात अकरा जणींनी तेच विचारलं. एकीनं तर सांत्वनाला पोहे करून आणले. सवितानं पोहे खाल्ले आणि प्रत्येकीला तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचंच डोकं नवं वाटायला लागलं. आपले केस बारीक आणि सरळसोट आहेत, आणि इतकी वर्षं आपणच चुकीची पुडी वापरत होतो, हे तिला छत्तिसाव्या वर्षी कळलं. तिनं दात-ओठ खात आपली पुडी बदलली.

वेदिका कॉलेजला गेली ती पहिले दोन दिवस स्कार्फ बांधून. तिसऱ्या दिवशी स्कार्फ दप्तरात होता. दुसऱ्या आठवड्यात शकुबाई एकदा चोरून तेलाची बाटली घेऊन पोरीच्या मागं फिरली, तर वेदिकानंच बाटली काढून माळ्यावर ठेवली. विंचरल्यावर कंगव्यात अडकलेले केस ती रोज कागदात गुंडाळून सविताला दाखवायला आणायची. पुडकं दिवसेंदिवस लहान होत गेलं.

तीन आठवड्यांनी रविवारी तिघी दुकानात जमल्या. मुळाकडचे केस मऊ झाले होते, कुरळेपणा सुटा पडला होता. पण खालचे चार बोटं तसेच राठ, टोकांना फाटे फुटलेले.

शकुबाई बघतच राहिली. "खालचे कधी होणार नीट?"

"नाही होणार," सविता म्हणाली. "फाटलेला केस कुठल्याच शाम्पूनं सांधत नाही, दोन रुपयांच्या नाही आणि दोनशेच्याही नाही. तेवढे माझ्यामुळं गेले. ते कापावे लागतील."

वेदिकानं स्वतःच स्टूल ओढलं आणि पाठ करून बसली. "काकू, तुम्ही म्हणाला होता ना, कात्री मी धरेन? धरा."

सवितानं चार बोटं मोजली आणि कापलं. वजन उतरलं तशी बाकीची बटन् बट उडी मारून वर गेली. शकुबाईनं पुढं येऊन पोरीची एक बट बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "हे असं तर माझ्या आईचं होतं," ती म्हणाली, आणि काउंटरवरच्या कंडिशनरच्या लडीकडं हात करून म्हणाली, "आठ पुड्या दे."

लडी उतरवाव्या लागल्या नाहीत. पण सवितानं बोटं टेकवणं बंद केलं. तिनं पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून लावलं: "शाम्पू सांगून हवा असेल तर केस धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी, तेल न लावता यावे." आठवडाभर कुणी आलं नाही. बायका पाटी वाचायच्या, हसायच्या आणि साबण घेऊन जायच्या. गोरक्ष म्हणाला, "पाटी काढ, धंदा बसेल." सवितानं पाटीला आणखी दोन खिळे ठोकले.

नवव्या दिवशी दुपारी, गल्ली सामसूम असताना, कुसाबाई आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. इकडंतिकडं बघून तिनं फळी उचलली, आत शिरली, पाठ रस्त्याकडं केली आणि पदर मागं सारला. पांढरे, पातळ, कोरडे केस पहिल्यांदाच उजेडात आले होते.

"बघ पटकन," ती म्हणाली. "अन् कोणी विचारलं तर सांग, म्हातारी टिकल्या घ्यायला आली होती."