कॉफी गार व्हायच्या आत

मोपेडरावाचं कुठलंही गाणं पेल्यातली कॉफी गार व्हायच्या आत संपायचं. "त्याहून लांबलं तर ती कचेरी झाली, अक्का," असं तो मला तोंडावर सुनावायचा; कचेरी म्हणजे आमच्याकडची रागदारीची मैफल. मी त्याची थोरली मावसबहीण, तिरुवैयारूला वीणा शिकवते. गिटार पाठीला आणि स्पीकर मागे बांधून तो तंजावरभर मोपेडवरून हिंडायचा, म्हणून हे नाव मीच ठेवलं. एकेक राग नीट बसवण्यात माझं तरुणपण गेलं. या गृहस्थाला जेमतेम चार सूर येत होते आणि त्यांत तो अशी चाल बांधायचा, की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्याच्या बँडचं नाव 'छत्रम्', म्हणजे मराठा राजांच्या वेळची धर्मशाळा. गाणीही तशीच. विलायती पॉपच्या खणखणीत गिटारी, देवळातल्या तविलाचा ठेका, आमच्या हरिकथेतल्या दिंडीची चाल, आणि शब्द स्वयंपाकघरातल्या मराठीचे, तेही तमिळ अक्षरांत लिहिलेले. देवनागरी त्याला येतच नव्हती.

"हे काय कालवलंस?" मी विचारलं.

"अस्के येऊं देत, अक्का, सगळेच. पान वाढावं, गाव विचारूं नये."

चेन्नईच्या लोकांनी विचारलं, ही भाषा कुठली? पुण्याच्या लोकांनी कळवलं, गोड आहे, पण हे मराठी नव्हे. ओरत्तनाडूच्या एका लग्नात तर गाणं सुरू होताच मंडळी जेवायला उठली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण परतताना बसमध्ये मी त्याचंच ध्रुवपद गुणगुणत होते. त्यात आई विचारते, "कुठें चाललीस गे?" आणि बँडची सगळी पोरं एका सुरात लेकीचं उत्तर देतात, "येतें, कावेरींत पाणी आलं का पाहून येतें!"

पुढे पोरं नोकऱ्यांना पांगली. तोही सिंगापूरला गेला. जाताना मोपेड माझ्या दारात लावून म्हणाला, "मागें वीणा बसते का बघ." आता ती माझी लेक चालवते.

या लेकीशी मी जन्मापासून मराठीत बोलते. तिला सगळं कळतं, पण उत्तर कायम तमिळमध्ये. परवा ती मोपेड काढत होती. मी नेहमीसारखं विचारलं, "कुठें चाललीस?"

"येतें," ती चक्क गात म्हणाली, "कावेरींत पाणी आलं का पाहून येतें!"

तिचं पहिलं अख्खं मराठी वाक्य, आणि तेही त्या मेल्याचं! माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्याला जे जमलं नाही, ते त्याच्या चार सुरांनी केलं. हेवा वाटला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मोपेड कोपऱ्यावर वळणार, तेवढ्यात मी अनवाणीच रस्त्यात धावले आणि त्याच्याच चालीत ओरडले, "कुठें चाललीस गे?"