आईच्या सळया

मेडशीच्या आमच्या घराचा जुना स्लॅब तोडून झाला. गॅस कटरखाली जळणाऱ्या लोखंडाचा वास आला आणि मला पूर्वीचं अंगण आठवलं. पाडलेल्या पुलाच्या वाकड्या सळया आई दगडावर ठोकून सरळ करत होती. दुसरं टोक मी धरलं होतं. प्रत्येक घावाला हात कोपरापर्यंत झिणझिणायचे.

"काहून जीव काढून राह्यली उन्हात?" शेजारीण म्हणाली.

"छत पाह्यजे मले," म्हणत आईने पुन्हा हातोडा उचलला.

तेव्हा मला तो खेळ वाटला होता. आज त्याच सळया गंजून भंगाराच्या ट्रकमध्ये चढल्या.

म्हाताऱ्या आईने खाटेवरून विचारलं, "भट्टीत काय होते त्याईचं?"

"वितळून नव्या सळया होतात."

"मंग आपल्या छताले त्याच आन. जाय ट्रकाच्या मांगं!"