भाऊजींच्या पेल्यातला फेस

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही—आणि माझ्या बाकी साऱ्या खोड्या तिला तोंडपाठ आहेत. आज तुम्हाला सांगतो. का, ते मलाही नीट कळत नाही.

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, अकोल्याला असतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. वडील लवकर गेले माझे. सायकल शिकवली ती भाऊजींनी, दाढी करायला शिकवली ती त्यांनीच, आणि पहिला पेगही समोर बसवून त्यांनीच पाजला. “लपून पिऊ नको लेका, माह्यापुढं पे.” माझा फार जीव आहे या माणसावर. म्हणून तर सांगायला इतका अडखळतोय.

सहा वर्षांपूर्वी एका मित्रानं परदेशातून कोन्याकची बाटली आणली—फ्रान्सची उंची ब्रँडी. मी मोबाइलवर बघून बघून एक आंबट कॉकटेल शिकलो. काळी रम, तिच्या निम्मी कोन्याक, लिंबाचा रस, साखरेचा पाक. घट्ट झाकणाच्या डब्यात आधी नुसतंच खळखळून हलवायचं, मग बर्फ घालून. वर जाड पांढरा फेस धरतो आणि लिंबाचा आंबटपणा मऊ होऊन घशाखाली उतरतो. हा फेस येतो अंड्याच्या पांढऱ्या भागानं.

आणि भाऊजी अंडं खात नाहीत. त्यांची आई शेवटच्या दुखण्यात असताना तिचा हात धरून त्यांनी मांस-अंडं सोडलं. दारूचं त्या माउलीनं काही काढलं नाही, म्हणून दारू राहिली. हसताय ना? आमच्याकडे अशा शपथा असतात, आणि त्या पाळल्या जातात.

अंड्याऐवजी काबुली चणे उकडलेलं पाणी चालतं, असं वाचलं होतं. भाऊजी अमरावतीला आमच्याकडे आले, त्या रविवारी बायकोनं चणे शिजवून दिले. पण सवयीनं तिनं कुकरमध्ये मीठ-हळद टाकलेली! फेस पिवळा, चव उसळीची. बाहेर भाऊजी पंख्याखाली वाट बघत बसलेले. मी ते सगळं ओतून दिलं, आणि—फ्रिजमध्ये अंडी होती.

“काय टाकलं रे यात? मस्त जमलं बापू!”

“चण्याचं पाणी,” मी म्हणालो.

पहिल्या वेळेला चूक म्हणा हवं तर. पण पुढची सहा वर्षं? दर महिन्याला अकोल्याला जाताना मी बॅगेत, टॉवेलात गुंडाळून अंडी नेत आलो. ताई बिचारी बिनमिठाचे चणे उकडून पाणी गाळून ठेवायची. ते मी गुपचूप मोरीत ओतायचो, आणि जेवताना त्याच चण्यांची उसळ दोनदा मागून घ्यायचो. बिनमिठाच्या पाण्यानं कदाचित फेस आलाही असता. मी एकदाही करून पाहिलं नाही. का? “तुह्या हाताले चव आहे” हे ऐकायची चटक लागली होती. आणि—हेही सांगूनच टाकतो—शपथेचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस मिशीला फेस लावून हसताना बघून मला आत कुठंतरी मजा वाटायची. प्रेम होतंच. पण ती मजाही होती.

गेल्या उन्हाळ्यात भाऊजींची साठी झाली. दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं. बोला, बोला, असा आग्रह झाला, तेव्हा ते उभे राहिले.

“दारू मले सुटली नाई, ते काहून लपवू? पण मायले शब्द देल्ला तो पाळला. बावीस वर्ष झाले, अंडं तोंडाले लागलं नाई. अन् हा माहा साळा—माह्या शब्दासाठी चण्याच्या पाण्याचा फेस काढते. सख्खा भाऊ करणार नाई एवढं!”

सगळ्यांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. ताई डोळे पुसत उठली आणि गाळलेल्या पाण्याचं पातेलं तिनं माझ्या हातात दिलं.

मी बॅग घेऊन स्वयंपाकघरात गेलो. दार लोटून घेतलं. त्या दिवशी तरी ते पाणी वापरता आलं असतं. फेस थोडा कमी आला असता, कुणी एक शब्द बोललं नसतं.

मी अंडं फोडलं.